हरणीने दारू सोडली

आमचे रत्नपाल भाऊजी दारू पीत नाहीत, हे कुडव्यात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ते स्वतःच सगळ्यांना सांगतात. पंक्चर काढायला आलेल्या माणसालाही चाक खोलण्याआधी सांगतात. त्यांच्या समता ऑटो गॅरेजात बाबासाहेबांच्या फोटोखाली बावीस प्रतिज्ञांची पाटी आहे. त्यातल्या दारूच्या प्रतिज्ञेखाली भाऊजींनी लाल रंगाची जाड रेघ ओढून ठेवली आहे, म्हणजे घाईत असलेल्या गिऱ्हाइकाने उरलेल्या एकवीस नाही वाचल्या तरी चालेल.

मी रचना. अल्काताईची धाकटी बहीण, म्हणजे भाऊजींची साळी. माझं ब्युटी पार्लर त्यांच्या गॅरेजला लागून आहे आणि मधे फक्त एक टिनाचा पत्रा आहे. तिकडे हातोडा पडला की इकडे माझ्या हातातला आयब्रोचा धागा हलतो. पत्र्यामुळे मला गॅरेजातलं सगळं ऐकू येतं आणि भाऊजींना पार्लरमधलं. दोघंही ऐकू येत नसल्यासारखं वागतो. शेजार असाच टिकतो.

भाऊजींना दोन वेडं. एक दारूबंदी आणि दुसरं हरणी. हरणी म्हणजे त्यांची जुनी टू-स्ट्रोक गाडी. कंपनीने ती ऑफिसला जाण्यासाठी बनवली असेल, पण भाऊजींनी तिचं हेड घासलं, कार्बोरेटरचे जेट मोठे केले, सायलेन्सर कापला, आणि आता ती ऑफिसला गेली तर ऑफिस बाहेर पळत येईल. दिवाळी सरली, धान कापून झालं की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते. कामठ्याच्या मंडईला शंकरपटाच्या मैदानावर बैलांच्या जोड्या पळून झाल्या की त्याच धावेवर मोटारसायकलचा पट लागतो. बैलांसारख्याच दोन-दोन गाड्या सोडायच्या, झेंडी पडली की सुटायचं. तिथे सगळी मिसरूड फुटलेली पोरं असतात आणि त्यांच्यात आमचे पन्नाशीचे भाऊजी, पांढऱ्या शर्टात, शर्टाच्या खिशाला पेन. आणि तरी ते जिंकतात. ताईला त्याचा अभिमान वाटतो की लाज, हे तिलाही अजून ठरवता आलेलं नाही.

तर मागच्या पावसाळ्यात हरणीच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल टपकायला लागलं. खोलून पाहिलं तर आतलं रबर फुगून बसलेलं. भाऊजींनी नवं टाकलं. तेही फुगलं. भाचीला, हर्षाला, जी गोंदियाच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकते, त्यांनी सहज विचारलं. ती मोबाइलवरून मान न उचलता म्हणाली, "बाबा, आता पेट्रोलमंदी वीस टक्के इथेनॉल राहते. जुन्या गाडीचं रबर फुगतेच."

"इथेनॉल म्हंजे?"

"अल्कोहोल. आपल्या मिलमंदली कनकी, तुटका तांदूळ, जाते ना, तिचं बी बनवतेत."

भाऊजी हातातला पान्हा घेऊन खाली बसले. "म्हंजे आपल्याच तांदळाची दारू करून आपल्याच गाडीले पाजून राहिले? कवापासून?"

"झाली असतीन दोन-तीन वर्सं."

पोराच्या खिशात बिडीचं बंडल सापडावं तसं त्यांनी हरणीकडे पाहिलं. ज्या माणसाने स्वतःच्या भावाच्या लग्नात नवरदेवाचे मित्र पिऊन आले म्हणून वरात अडवली होती, त्याच्या घरात, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच हाताने टाकी भरून... त्या दिवशी ते जेवले नाहीत. ताईने मला पत्र्यावरून हाक मारून विचारलं की इंजिनाला दारू चढते का. मी म्हटलं, मला केसांच्या मेंदीचं विचार.

दुसऱ्या दिवसापासून पेट्रोल धुणं सुरू झालं. ही युक्ती त्यांना कुणा मेकॅनिकने फोनवर सांगितली होती. पेट्रोलमध्ये पाणी घालून हलवायचं. दारूला पाणी प्यारं, त्यामुळे ती पेट्रोलला सोडून पाण्यासोबत खाली बसते आणि वर राहतं ते सोवळं पेट्रोल. त्यासाठी भांडं काचेचं हवं. आमच्या घरात तेवढं मोठं काचेचं भांडं एकच होतं, ताईची लोणच्याची बरणी. लोणचं दोन डब्यांत गेलं आणि बरणी गॅरेजात गेली. ताई त्यावर जे बोलली ते मी इथे लिहीत नाही, कारण ती हे वाचणार आहे.

पाच लिटर टाकलं की एक लिटर खाली बसायचं. वरचं पेट्रोल भाऊजी नळीने काढून त्यात ऑइल मिसळून हरणीला द्यायचे. खालचं गढूळ पाणी गॅरेजामागच्या गाजरगवतावर ओतायचे. आठवड्यात ते गवत जळून काळं पडलं. भाऊजींना दारूबंदीच्या भाषणाला नवा पुरावाच मिळाला. जो येईल त्याला ते मागे नेऊन गवत दाखवायचे.

कवडूभाऊंनाही दाखवलं. कवडूभाऊ कामठ्याचे शेतकरी. भाऊजींचंही मूळ गाव कामठाच, दोघं शाळेपासूनचे एकाच बाकावरचे. धान चांगलं पिकवतात, माणूस मनाचा मोकळा, पण दिवस मावळला की मोहाच्या दारूची बाटली हवीच.

"पाय," भाऊजी म्हणाले, "दारूनं गवताचं काय झालं थे. तुह्या आतमंदी काय होऊन राह्यलं असन?"

कवडूभाऊंनी गवत नीट पाहिलं. "गवतानं चकना नाही खाल्लन, रतन. खाली पोटी पेलं थे."

मग ते आपल्या नव्या गाडीपाशी गेले आणि टाकीच्या झाकणावर चिकटवलेला कागद बोटाने दाखवला. "हे वाच. कंपनीनंच लिहून देल्लन, वीस टक्के पेते म्हनून. मी बी वीस टक्केच पेतो. बाकीचे अंशी टक्के जेवतो, झोपतो, शेती करतो."

"पेनारा कवाबी मांगंच राहते. मानूस असो का गाडी."

"असं?" कवडूभाऊ गाडीवर बसले. "मंग लागू दे पैज. मंडईच्या पटात तुही न पेनारी अना माही पेनारी. तुही जितली तं मी त्या रोजपासून सोडलो. माही जितली तं तू मले भाषन देनं सोडाचं. हमेशासाठी."

भाऊजींनी हात पुढे केला. पत्र्याच्या या बाजूला मी हसत होते. ताईही हसत होती, पण तिला नेमकं कोण जिंकायला हवं होतं, कोण जाणे. भाषणं तीही ऐकतेच ना.

गंमत पुढे आहे. धुतलेलं पेट्रोल पिऊन हरणी बिघडली. हळू चालवली तर ठीक, पण जरा पिळली की आतून टकटक, टकटक, कुणी हातोडीने दार ठोकावं तसं. चढावर तर दमच तुटायचा. कुडव्याच्या रस्त्यावर सकाळी सराव करताना एका दूधवाल्याने त्यांना मागे टाकलं, तेही दोन्ही बाजूंना कॅन लटकवून.

हर्षाने तेव्हाच सांगितलं, "बाबा, इंजिनात पेट्रोल दाबल्या जाते ना, थे येळेच्या आधी पेटून राह्यलं. तुमी हेड घासून दाब वाढवून ठेवला. इतक्या दाबाच्या इंजिनाले इथेनॉल उलट मानवते, लवकर पेटू देत नाही. थे काढून टाकलं तं आवाज येनारच."

"म्हंजे तुह्यं म्हननं, हरणी दारूशिवाय पळू शकत नाही?"

"इंजिन हाय थे. त्याले दारू का दूध, काही नाही समजत."

भाऊजी शांतपणे म्हणाले, "समजते. व्यसनमुक्तीच्या शिबिरात मी पाहिलो हाव. दारू सोडली का आंग थरथरते. हरणी सोडून राह्यली. थोडे रोज थरथरन, मंग सुधरन."

हर्षाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. गाडीला दारू सुटल्याची थरथर लागली आहे, असं मानणाऱ्या माणसाशी कोणत्या पुस्तकातून वाद घालायचा? भाऊजी तर तिची समजूतही काढायला लागले. टाकीवर हात ठेवून म्हणायचे, "होते, होते. पहिले पहिले होते." पण हरणी काही सुधरेना. मंडई जवळ आली आणि टकटक वाढत गेली.

त्याच दिवसांत एका दुपारी कवडूभाऊंची बायको, प्रेमिलावहिनी, माझ्या पार्लरात आली. ती बाई आयुष्यात कधी पार्लरात आली नव्हती. खुर्चीवर टेकली तीही काठावर, बसच्या सीटवर तिसरी बसावी तशी. म्हणाली, भुवया करून दे. मी धागा लावला तर तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पहिल्यांदा येतं सगळ्यांच्याच. पण धागा काढला तरी ते थांबेना.

"रचनाबाई," ती म्हणाली, "तुमच्या भाऊजीची गाडी जिताले पाह्यजे."

"हो, पटात काय, कोणीबी..."

"मांगं एकदा कावीळ झाली होती ना आमच्या ह्यायले. तवाच डाक्टर बोलला, आता पेले तं दुसरी कावीळ नाही सुटाची. मी रडलो, भांडलो, माहेरी जाऊन बसलो. पोरीनं शपथ घातलन. कोनाचं नाही आयकत. पन पैजेचं आयकते. लहानपनापासून रत्नपालभाऊसंगं लावलेली एक पैज नाही मोडलन त्यायनं. बस हेच एक रायलं हाय माह्याकडं."

मी तिला पाणी दिलं.  मग लक्षात आलं की पत्र्यापलीकडचा हातोडा केव्हाचा थांबला आहे. एरवी त्या हातोड्याला चहालाही सुट्टी नसते.

मी त्या बाईच्या भुवया तशाच अर्ध्या सोडल्या, एक झालेली, एक व्हायची. तिने आरशात पाहिलं, म्हणाली, "चांगलं दिसते," आणि गेली. ती भुवई आठवली की मला आजही वाईट वाटतं.

मंडईच्या दिवशी सकाळी भाऊजी लवकर निघाले. कुणालाही सोबत घेतलं नाही. आम्ही तिघी मागून माझ्या स्कूटीवर जाणार होतो. ताई गॅरेजाचं शटर ओढायला आत गेली आणि बाहेर येईना. मी आत गेले. ती लोणच्याच्या बरणीसमोर उभी होती. धुतलेलं पेट्रोल गळ्यापर्यंत भरलेलं होतं. आदल्या दिवशी होतं तेवढंच. थेंबही हललेला नव्हता.

"टाकी तं काल रिकामी होती," ताई म्हणाली.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. म्हणजे हरणी पंपावर जाऊन पिऊन गेली होती. हर्षा काही बोलणार तोच ताईने तिला म्हटलं, "तोंड बंद ठेव. कॉलेजात शिकली तेवढं बस हाय." मग शटर ओढलं आणि कुलूप लावून ते दोनदा ओढून पाहिलं.

कामठ्याला मैदानावर ही गर्दी. जिलेबीची दुकानं, पाळणे, रात्रीच्या नाटकाची लाउडस्पीकरवर घोषणा. बैलांचे पट झाले आणि गाड्यांचे लागले. भाऊजी आणि कवडूभाऊ शेजारी शेजारी उभे राहिले. हरणीने हुंकार दिला आणि मी लगेच ओळखलं. टकटक नव्हती. स्वच्छ, मोकळा, माजलेला आवाज. भाऊजींचं तोंड मात्र कुणाच्या मयतीला आल्यासारखं होतं.

झेंडी पडली. धुरळा उडाला. अर्ध्या धावेपर्यंत दोन्ही गाड्या जोडीच्या बैलांसारख्या बरोबर होत्या. मग भाऊजींनी कान पिळला आणि हरणी सुटली. प्रेमिलावहिनी माझा हात धरून उभी होती. हरणीने दोरी ओलांडली तेव्हा तिने तो इतका दाबला की माझ्या बांगड्या वाढल्या, दोन.

कवडूभाऊ मागून आले. गाडी उभी केली, पॅन्टच्या खिशातली छोटी बाटली काढली, बायकोच्या हातात दिली आणि म्हणाले, "घे. मोरीत टाक. मी जिलेबी आनतो." एवढंच. पोरांनी भाऊजींना खांद्यावर घेतलं. भाऊजी म्हणत होते, "उतरवा मले, उतरवा." लोकांना वाटलं, काय हा साधा माणूस.

त्यानंतर भाऊजींचं बिनसलं. गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, तुमी गाडीची बी सोडवली अना मानसाची बी," की त्यांच्या हातून नटबोल्ट पडायचे. दारूबंदीची भाषणं बंद. जी भाषणं हरलं की बंद व्हायची होती, ती जिंकून बंद झाली. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, त्यांना खोकला यायला लागला. पहिली तीन ठणठणीत, चौथ्याला ठसका, पाचव्याला, दारू न पिण्याच्या, आवाज एकदम बारीक. ताई घरी आल्यावर न विचारता आल्याचा रस द्यायची. तेही न विचारता प्यायचे.

तिकडे कवडूभाऊंनी खरंच सोडली. पहिला महिना वाईट गेला. हात थरथरायचे, झोप नाही, बैलावरसुद्धा खेकसायचे. खिशात बाटलीच्या जागी पेपरमिंटच्या गोळ्या आल्या आणि त्या ते मूठभर खायचे. पण रंग फिरला. डोळ्यांचा पिवळेपणा गेला. भाऊजी हे सगळं पाहत होते आणि वाळत होते. त्यांचं दुखणं मला पत्र्यातूनही कळत होतं. सांगावं तर पैज मोडते, कवडू पुन्हा प्यायला बसतो. न सांगावं तर ज्या माणसाने आयुष्यभर शीलं पाठ केली, त्याचं काय. मी म्हटलं असतं, भाऊजी, गप बसा. पण मला कोण विचारतो.

पौष पौर्णिमेला कवडूभाऊ आणि प्रेमिलावहिनी कुडव्याला आले. लाखोरीच्या डाळीचे वडे करून आणले होते. गॅरेजातच सगळे बसलो. दुसरा वडा अर्धा खाऊन भाऊजींनी तो पानावर ठेवला आणि म्हणाले, "कवडू, मी तुले फसवलो."

वहिनीचा चेहरा उतरला. ती भाऊजींकडे पाहून मान हलवत होती, नोको, नोको. ताईने त्यांच्या पायावर पाय दिला. उपयोग नाही.

"हरणी त्या रोज धुतलेल्यावर नाही पळाली. मी पंपावरचं भरलो. वीस टक्केवालं. माह्या गाडीनं दारू पेलन, तू सोडावी म्हनून. पैज मोडली हाय. आता तुह्या मनात काय येईन थे कर."

 कवडूभाऊंनी वडा चावला, गिळला, वर पाण्याचा घोट घेतला.

"मालूम हाय," ते म्हणाले.

"काय मालूम हाय?"

"पंपावर मी तुह्या मांगंच होतो. मधात ट्रॅक्टर होता म्हनून तुले नाही दिसलो. तू पयले चारी मेर पाहिलास. मंग टाकीचं झाकन उघडलास. मंग हरणीले हात जोडलास." कवडूभाऊंनी पाण्याचा गिलास खाली ठेवला. "डोळे पुसत होतास रतन तू. पंपावाला बी पाहून राह्यला होता. मी म्हटलो, ह्या मानसाले आपल्या गाडीले पाजाले एवढं जड जाऊन राह्यलं, अना तरी पाजून राह्यला. माह्यासाठी. मंग मी कोन्या तोंडानं पेऊ?"

भाऊजी खाली पाहत होते. प्रेमिलावहिनी पदर तोंडाला लावून बसली होती. माझेही डोळे भरले, उगाच नाही म्हणत नाही.

मग भाऊजींनी मान वर केली. त्यांच्यातला मेकॅनिक जागा झाला होता आणि त्याला एक गोष्ट टोचत होती. "म्हंजे तू मुद्दाम हारलास?"

"नाही ना बाप्पा," कवडूभाऊ म्हणाले, "जिताची लय कोशिश केलो. पन तुही पेऊन आली होती. पेलेल्याच्या मांगं लागून कोनाले सापडलं हाय?"

पहिली ताई हसली, मग आम्ही सगळेच. भाऊजी शेवटी हसले, पण हसले ते असे की पत्रा वाजला.

बरणी ताईकडे परत आली. दोन दिवस उन्हात ठेवली, राखेने घासली, तरी तिच्यात लोणचं घालायची कुणाची छाती नाही. हरणीला नव्या जातीचं रबर बसवलं, त्याला इथेनॉल बाधत नाही म्हणतात. ती आता पंपावरचंच पिते. भाऊजींनी स्वतःची समजूत काढली आहे की प्रतिज्ञा माणसाने घ्यायची असते, आणि हरणीने ती घेतलीच नव्हती. विहारात त्यांचा खोकला गेला. भाषणं मात्र परत आली.

कवडूभाऊ बाजाराला आले की गॅरेजात डोकावतात. स्टुलावर बसतात, पेपरमिंट चघळतात. भाऊजी हरणीच्या टाकीचं झाकण उघडतात तेव्हा कवडूभाऊंचं स्टूल हळूच, आवाज न करता, थोडं जवळ सरकतं आणि ते डोळे मिटून एक लांब श्वास घेतात. भाऊजी झाकण घट्ट लावतात आणि दोन चहा सांगतात.